पांढरी एक आणि चार फ्लॉपी ड्राइव्ह

बायको दर दिवाळीला जेवढं भंगार घराबाहेर काढते साधारण तेवढंच मी वर्षभरात जुन्या बाजारातून परत आणतो, त्यामुळे घराचं वजन कायम राहतं. पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. बुधवारी ऑफिस असतं म्हणून संसार टिकलाय.

तर त्या रविवारी चार फ्लॉपी ड्राइव्ह मिळाल्या. विकणारा भला माणूस, म्हणाला साहेब ह्याच्यात सीडी जात नाही बरं का. म्हटलं माहितीये, मला वाजवायच्यात. त्याने लगेच पन्नास रुपये कमी केले, बहुतेक दया आली असावी.

यातली गंमत अशी की ड्राइव्हमधलं हेड सरकवायला एक छोटी स्टेपर मोटर (प्रत्येक विजेच्या धक्क्याला एकेक पायरी सरकणारी) असते आणि तिला सेकंदाला २६२ धक्के दिले की ती चक्क पांढरी एकचा, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, सा लावते. फक्त हेडला सरकायला पायऱ्या जेमतेम ८०, त्या सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात संपतात, मग दिशा सारखी उलटवत राहायची नाहीतर ते टोकाला जाऊन खटाखटा डोकं आपटतं. ते सगळं अर्डुइनो नावाचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड बघतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या तपकीर गल्लीतून एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर, आणला, म्हणजे उजेड वाढला की स्वर चढणार, अंधारात गप्प. मेलेल्या प्रिंटरच्या सांगाड्यावर चारही ड्राइव्ह उभ्या ठोकल्या आणि घरात जाहीर केलं की हे ध्वनिशिल्प आहे.

"हे पुसायचं कसं?" बायको.

मी कलेचा इतिहास काढला. म्हटलं टिंगेली नावाच्या स्विस माणसाने १९६० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत स्वतःच स्वतःला मोडून टाकणारं भंगाराचं यंत्र उभं केलं होतं, ते पेटलं आणि शेवटी फायरवाल्यांनी विझवलं. हे सांगायला नको होतं. शिल्पाची रवानगी त्याच रात्री गॅलरीत झाली.

आमची गॅलरी पूर्वेला आहे. आणि मी प्लग काढायला विसरलो.

पहाटे आधी नुसती घरघर. मला वाटलं मीच घोरतोय. मग ऊन जसजसं वर यायला लागलं तसतसा आवाज चढत गेला, सव्वासहाला पूर्ण ऊन एलडीआरवर पडलं आणि चारही ड्राइव्हनी जो टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे काका लिफ्ट अडकली असं समजून जिन्याने वर आले, वॉचमन टाकीचा पंप जळला म्हणून पंप बंद करून मोकळा झाला, म्हणजे आता पाणीपण नाही. मी बनियनवर, हातात स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना सांगतोय की काही नाही, सूर्योदय झालाय.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिने ऐन तारुण्यात सहा वर्षं गाणं शिकलंय आणि ते आमच्यावर काढते. वाटलं आता संपलं. ती डोळे मिटून दोन मिनिटं उभी राहिली, काकांना हातानेच गप्प केलं, मग म्हणाली,

"डावीकडून दुसरी उतरलीये. आणि पांढरी एक काय लावतोस, काळी चार कर, मला धरायला बरं."

काळी चार म्हणजे सेकंदाला २०८. काका चहा घेऊनच गेले, अर्थात बिसलेरीच्या पाण्याचा.