पुढील स्टेशन ठाणे

१९९१ साल असावं. दुसरीचा वर्ग, पटावर ५४ मुलं. त्यातला एक मुलगा शाळेचा टोल पडला की दोन्ही कानांवर हात दाबून बाकाखाली शिरायचा. रोज. मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढायचे. "नाटकं पुरे झाली," म्हणायचे. त्याच्या प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात शेरा आहे : हट्टी आहे, लक्ष देत नाही. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "याला दुसरीकडे घाला, आमच्याकडे जमायचं नाही." मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलले नाही.

तीन वर्षांपूर्वी ठाण्यात, चरईतल्या आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि माझा नातू टेबलाखाली गेला. कानांवर तसेच दाबलेले हात, कोपरं गुडघ्यांना टेकलेली, डोळे घट्ट मिटलेले. मला तो बाक दिसला. तव्यावरची पोळी करपली तरी मी हलले नाही. मग सुनेला हाक मारून म्हटलं, "चल, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ."

ती बिचारी हेच दीड वर्ष सांगत होती. "आई, हा हाक मारली की बघत नाही." मी म्हणायचे, "अगं, याचा बाप तरी कुठे बोलत होता तीन वर्षांचा होईपर्यंत? मुलगे उशिराच बोलतात." माझं बोलणं घरात शेवटचं, कारण २९ वर्षं लहान मुलांना शिकवलेली बाई मी. माझ्या नातवाला ऑटिझम आहे, आणि आज ही पोस्ट लिहितेय ती माझ्यासारख्या आज्या-आजोबांसाठी. "बोलेल हो, घाई कसली" हे वाक्य आपण प्रेमानेच म्हणतो. पण त्या वाक्यामुळे माझ्या नातवाची दीड वर्षं गेली.

खरं तर बोलणं ही पुढची गोष्ट. मला आधी दिसायला हवं होतं ते खिडकीत. एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हणत मी त्याला भरवायचे. "तो बघ काऊ!" म्हटलं की दीड वर्षाचं मूल बोटाच्या दिशेने बघतं, काऊ दिसला की वळून आपल्या तोंडाकडे बघतं : तूही बघितलास ना? थोड्या दिवसांनी स्वतःच बोट करून दाखवतं. आमचा हा माझ्या बोटाकडे बघायचा, नाहीतर खिडकीच्या गजाकडे. स्वतः बोट कधी केलं नाही. पाणी हवं असलं तर माझं मनगट धरून माठापाशी न्यायचा आणि माझा हात तांब्यावर ठेवायचा. मला त्याचं किती कौतुक! शहाणा आहे म्हणून सगळ्यांना सांगायचे. मूल दाखवण्यासाठी बोट करत नाही, आपण बघतोय ते सोबत बघत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, या खुणा शब्दांच्या आधीच्या आहेत. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं. त्यात बोट दाखवण्याबद्दल प्रश्न आहेत. ते निदान नव्हे, नुसती चाळणी. पण ती कुणी आमच्या हातात दिली असती, तर मी गप्प बसले असते आणि सूनबाईचं ऐकलं असतं.

आधी कानांची तपासणी झाली, बेरा म्हणतात ती. कान उत्तम. मग निदान झालं, आणि लोकांची तोंडं सुटली. सुनेची नोकरी, हातातला मोबाईल, एकट्याने वाढलेलं मूल. घरातल्याच माणसांनी तिला इतकं ऐकवलं की ती बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांवर ऑटिझमचा पहिला मोठा लेख लिहिला तो १९४३ मध्ये. पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेतसुद्धा आयांनाच दोष देत होते, "फ्रिजसारख्या थंड आया" म्हणत होते. ते केव्हाच खोटं ठरलं. मेंदूची घडणच वेगळी असते, आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आईच्या मायेचा किंवा मोबाईलचा हा दोष नव्हे. आणि तलावपाळीला फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकांनी लशीमुळे ऑटिझम होतो असं काढलं होतं, तर तेही सांगते. ही शंका ज्याने पसरली तो १२ मुलांवरचा लेख १९९८ मध्ये छापून आला होता, आणि तो छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. नातवंडांच्या लशी चुकवू नका.

कॅनर यांचा लेख १९४३ चा, माझा तो वर्ग १९९१ चा. मधे ४८ वर्षं. माझ्या डी.एड.मध्ये ऑटिझम हा शब्द एकदाही आला नाही.

मराठीत आपण "स्वमग्न" म्हणतो. मला तो शब्द आता खुपतो. जणू मूल स्वतःतच रमलंय, बाहेरचं त्याला काही नकोच. आमच्या घरात उलटं आहे. त्याला बाहेरचं सगळंच्या सगळं ऐकू येतं, एकदम येतं. ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्यांचा मिक्सर, सदऱ्याच्या कॉलरची चिठ्ठी टोचते ती वेगळीच. गणपतीत खालून ढोल-ताशा गेला की दोन दिवस तो जेवत नाही. (सोसायटीतल्या मुलांना विनंती केली, तर यंदा पथक आमच्या गेटसमोर थांबलं नाही. त्या मुलांचे उपकार मी विसरणार नाही.) सगळ्या मुलांचं असंच असतं असं नाही. कुणी घडाघडा बोलतं, कुणी कधीच बोलत नाही, आणि मुली तर पुष्कळदा लक्षातच येत नाहीत. "लाजाळू आहे" म्हणून सोडून देतात.

आणि आमचा हा बोलत नव्हता हेही खरं नाही. गेल्या वर्षी कल्याणला लग्न होतं. हॉलमध्ये सनई, माईक, दोनशे माणसं. तो एकसारखं म्हणायला लागला, "पुढील स्टेशन ठाणे. पुढील स्टेशन ठाणे." लोकलमधल्या घोषणेच्या अगदी हुबेहूब आवाजात. पाहुणे हसले, "मोठेपणी गार्ड होणार!" मीही त्याला गप्प करायला निघाले. सूनबाईने पर्स उचलली. "आई, तो घरी चला म्हणतोय." ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं म्हणणं याला एकोलालिया म्हणतात. आम्ही पोपटपंची समजत होतो, तो निरोप होता. पंगत न बसता आम्ही निघालो. गाडीत मुंब्रा गेलं, कळवा आलं, तसा त्याचा माझ्या पदरावरचा हात सैल झाला.

थेरपी महाग आहे, मला पेन्शन आहे म्हणून भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांनी सरकारी रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (लहान मुलांच्या अशा अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र) चौकशी करावी. नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं केंद्र आहे. कुणी "सहा महिन्यांत बरा करतो" म्हणालं तर मात्र उठून या. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. मूल शिकतं, त्याच्या चालीने शिकतं.

शाळेसाठी वणवण झाली. तीन ठिकाणी गोड बोलून तेच उत्तर मिळालं, जे मी तेव्हा उभ्याने ऐकलं होतं : आमच्याकडे जमायचं नाही. या वेळी मी बोलले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. मुलाला भेदभाव न करता घ्यायचं बंधन आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे सगळं कागदावर लिहून चौथ्या शाळेत नेलं. तिथे कागद काढावाच लागला नाही.

जूनमध्ये तो पहिलीत बसला. पहिल्या दिवशी त्याच्या वर्गाच्या बाई बाहेर आल्या, मुलीच्या वयाच्या असतील, म्हणाल्या, "आजी, मला याचा अनुभव नाही. काय सांभाळू?" मी म्हटलं, घंटा व्हायच्या आधी त्याला सांगा, एक-दोन-तीन मोजा. खिडकीशी उभा राहिला तर राहू दे, त्याचं कान देऊन ऐकणं तिथूनच चालतं. आणि "पुढील स्टेशन ठाणे" म्हणाला तर पाच मिनिटं व्हरांड्यात न्या. बाईंनी ते हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं आणि स्टेशनचं नाव पुन्हा एकदा विचारून खात्री केली.