मुळाला कॉर्टेक्स असतो, म्हणून मेंदूही असतो?

"झाडाच्या मुळात माणसाच्या मेंदूसारखाच कॉर्टेक्स असतो, म्हणजे झाडं विचार करतात. ताण आला की हाच कॉर्टेक्स कॉर्टिसोल सोडतो, म्हणून त्याला ते नाव." असा मजकूर सध्या फिरतोय. सोबत मुळाच्या आडव्या छेदाचं चित्र आणि बाणापुढे 'कॉर्टेक्स'. चित्र बरोबर आहे. घोळ आहे तो खालच्या ओळींत.

पहिली गोष्ट, हे नाव मेंदूच्या मालकीचं नाही. लॅटिनमध्ये कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल. अवयवाचा बाहेरचा थर गाभ्याहून वेगळा दिसला की शरीरशास्त्रात त्याला कॉर्टेक्स म्हणतात. मूत्रपिंड उभं चिरलं की कडेला फिकट, रवाळ पट्टा दिसतो, तो कॉर्टेक्स. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे गुच्छ तिथेच असतात. केसालाही कॉर्टेक्स असतो, केसाचा रंग मुख्यतः त्यातल्या मेलॅनिनमुळे, आणि त्या पेशी मेलेल्या असतात. कॉर्टेक्स म्हणजे विचार असेल, तर केस कापताना जरा जपून!

आता मूळ. बाहेरची अपित्वचा आणि मधल्या वाहक ऊती यांच्यामधला भाग म्हणजे इथला कॉर्टेक्स. पातळ काप घेऊन आयोडीनचा थेंब टाकला, तर पुष्कळ मुळांत हाच भाग निळाकाळा होतो, कारण तिथे स्टार्च साठलेला असतो. भाताच्या मुळांत याच थरातल्या काही पेशी मरून पोकळ्या तयार होतात आणि त्यांतून चिखलातल्या टोकापर्यंत ऑक्सिजन पोचतो. थोडक्यात, कोठार आणि हवेची वाट. चेतापेशी एकही नाही. डार्विनने १८८० मध्ये मुळाच्या टोकाची तुलना खालच्या दर्जाच्या प्राण्याच्या मेंदूशी केली होती, हा दाखला हमखास दिला जातो. पण ती तुलनाच होती, आणि तीही टोकाबद्दल.

कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचं नाव कॉर्टेक्सवरून आलं, हे खरं. फक्त तो कॉर्टेक्स दुसरा, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती रक्तात एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते, आणि कॉर्टिसोल तयार होतं ते तिकडे खाली. (अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्याला मेडुला म्हणतात. मेडुला मेंदूच्या तळाशीही आहे, तेव्हा पुढचा मजकूर कशावर येणार याचा अंदाज आहे.)

मराठी परिभाषेत मेंदूच्या आणि अधिवृक्काच्या थराला बाह्यक म्हणतात, मुळातल्या थराला मध्यत्वचा. 'मुळाला मध्यत्वचा असते' असं लिहिलं असतं, तर मेंदू कुणाला आठवलाही नसता.