पत्रिका नव्हे, पट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘दहा सेकंदांच्या ईसीजीवरून पुढच्या दहा वर्षांचं सांगायचं, तर सरळ पत्रिकाच मांडा ना,’ हा तुमचा टोला झोंबला. पण ईसीजीच्या पट्टीवरून एएफ या हृदयाच्या आजाराचा अंदाज बांधण्यावरच्या माझ्या मागच्या लेखातली चूक तुम्ही बरोबर पकडलीत, म्हणून आधी तिचंच बोलतो.

एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरणं आणि ठोके अनियमित होणं) नव्याने होणं आणि अधूनमधून येणारा एएफ कायमचा ठाण मांडून बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी मी एकत्र कालवल्या. पीआर अंतर (विजेची लाट वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोचायला लागणारा वेळ) 200 मिलिसेकंदांच्या वर गेलं की एएफचा धोका साधारण दुप्पट, हा अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम हृदय-अभ्यासाचा 2009चा निष्कर्ष पहिल्या गोष्टीचा आहे. मेयो क्लिनिकचं 2019चं एआयही तेच पाहतं : आज ठोके नियमित असलेल्या माणसात एएफ दडलाय का. त्याची अचूकता 79 टक्क्यांच्या आसपास. ऐकायला झकास, पण हजारातल्या 20 जणांना एएफ आहे असं धरून हिशोब करा. खरे 16 सापडतील आणि दोनशे निरोगी माणसं उगाच धास्तावतील. इथे तुमचा संशय रास्तच.

पत्रिका मात्र मान्य नाही. पी वेव्ह हा ईसीजीतल्या प्रत्येक ठोक्याचा पहिला छोटा उंचवटा; त्याची रुंदी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून, अलिंदांतून, विजेची लाट जायला लागलेला वेळ. स्नायूत व्रणासारखे तंतू माजले की लाट रेंगाळते आणि पी रुंदावते. 120 मिलिसेकंद, म्हणजे कागदावरचे तीन बारीक चौकोन, ही सीमारेषा. उजवीकडून डावीकडे जायची वरची वाट पार बंद झाली, तर लाट वळसा घेऊन खालून वर चढते. मग लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये (हृदयाकडे खालून पाहणाऱ्या ईसीजीच्या रेघांमध्ये) पीचं शेपूट खाली वळतं. हे ग्रहमान नाही, आजच्या स्नायूची अवस्था आहे. आणि तिचा पुढच्या वाटचालीशी संबंध आहे : नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी 1995 साली शेळ्यांमध्ये एएफ मुद्दाम चालू ठेवला, तेव्हा तो जितका टिकला तितका आपोआप थांबेनासा झाला.

अडचण मोजण्याची आहे. डोळ्यांनी अर्धा चौकोन चुकला की 20 मिलिसेकंद गेले. त्यात एएफ चालू असताना पी नसतेच, नुसती थरथर असते. ती फार बारीक असेल तर आजार बहुधा जुना आणि हट्टी.

वडिलांची पी ‘नॉर्मल’ आली, तर रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची का, हेही तुम्ही विचारलंत. नाही. ती गोळी वय, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर आणि आधीचा पक्षाघात यांवर ठरते, पीच्या रुंदीवर नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका.

लेखातला तो परिच्छेद आज दुरुस्त करतो. आणि वडिलांचे जुने ईसीजी रद्दीत घालू नका. एकट्या पट्टीपेक्षा पाच वर्षांपूर्वीची आणि आजची शेजारी ठेवली की जास्त कळतं. तो थर्मल कागद कालांतराने कोरा पडतो, तेव्हा झेरॉक्स काढून ठेवा.