कादंबरीतला कापूस कोणत्या महिन्यात फुटतो?

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आज बरेच तरुण कादंबरी लिहू पाहत आहेत आणि त्यांच्याशी बोलताना एक वाक्य हमखास कानी पडते : ‘आम्ही गावातच वाढलो, आम्हाला वेगळा अभ्यास कशाला हवा?’ मला हे अजिबात पटत नाही. आपल्या हयातीतले गाव आपल्याला ठाऊक असते. आजोबांच्या उमेदीतले गाव शोधावेच लागते.

१९४० च्या सुमाराची कादंबरी घ्या. वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आताचे चंद्रपूर) या मुलखात तेव्हा मालगुजारी होती, म्हणजे गावाचा शेतसारा मालगुजार हा जमीनदार गोळा करी, आणि ती १९५१ मध्ये संपली. वर्धा नदीच्या पश्चिमेला वऱ्हाडात मात्र रयतवारी होती, म्हणजे शेतसारा पाटील-पटवाऱ्यामार्फत सरकारात जमा होत असे. अकोल्याकडच्या कास्तकाराला मालगुजारासमोर हात जोडून उभे केले, की त्याला भीती कोणाची, अडचणीत तो कोणाच्या दारी जाणार, हे सारेच बिघडते. त्याच कादंबरीत वेचणीचा हिशेब किलोत दिसला तर मी पुस्तक मिटतो, कारण दशमान वजने १९५८ नंतरची. तोवर शेर आणि मण होते. श्रावणात, म्हणजे कापूस फुटायच्या कितीतरी आधी, पहिली वेचणी दाखवणाऱ्यांबद्दल तर काय बोलावे!

पण चुका टाळणे हा अभ्यासाचा किरकोळ फायदा झाला. माझ्या मते कथानकच त्यातून निघते. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, ग्रेडर प्रत ठरवणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळणार, अशी ती व्यवस्था होती. केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत आणि माणसे गाडीखाली पोते अंथरून रात्र काढत. बाहेर भाव चढा असला की सीमेवरच्या गावांतून कापूस चोरून मध्य प्रदेशात किंवा आदिलाबादकडे जाई. आता या व्यवस्थेत असा बाप ठेवून पाहा, ज्याच्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले आहे आणि चुकारे, म्हणजे घातलेल्या कापसाचे पैसे, अजून अडकलेले आहेत. सावकाराकडे जावे, की उरलेला कापूस रात्री गाडीत भरून सीमेपार न्यावा? हा पेच खोलीत बसून नुसत्या कल्पनेने सुचला असता, असे मला वाटत नाही.

जुन्या जिल्हा गॅझेटिअरांमध्ये जमीन, पिके, बाजार, दुष्काळ यांची माहिती भरपूर सापडते. मात्र ती महसुली नजरेने लिहिलेली असल्यामुळे वेचणीला जाणारी बाई त्यांत बोलत नाही. त्यासाठी गावातल्या म्हाताऱ्या बायांजवळ निवांत बसावे लागते (पुरुष कापसाच्या भावापलीकडे सरकत नाहीत, असा माझा अनुभव आहे). पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही ही शेतातली पूजा कशी करत, दव असताना वेचलेला कापूस वजनाला जास्त भरतो म्हणून मालकाशी कशी हुज्जत होई, वाळलेल्या बोंडाची टोके नखाच्या कडेला रुतून बोटे कशी ठणकत आणि तशाच बोटांनी संध्याकाळी भाकरी कशी थापावी लागे, हे त्याच सांगू शकतात.

एवढे सगळे जमल्यावर त्यातले बरेचसे वहीतच ठेवण्याचा संयमही लेखकाला हवा. एकाधिकार खरेदीचे नियम कोणी घरात म्हणून दाखवत नाही. केंद्रावरून परतलेल्या नवऱ्याला बायको एवढेच विचारते, ‘चुकारे भेटले काय जी?’