'गोळ्या लिहिणारा कारकून' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या माझ्या ओपीडीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "अँजिओप्लास्टीही न करणारा हृदयरोगतज्ज्ञ म्हणजे गोळ्या लिहिणारा कारकून. त्यात हॉस्पिटलचा पगारी नोकर. पेशंटला दोन-दोन बिलं जातात, त्यावर चकार शब्द नाही."

आधी माझी चूक सांगतो. 'मी रोज इको (हृदयाची सोनोग्राफी) करतो' असं मी लिहिलं होतं. इको सोनोग्राफर काढतात, मी ते वाचून रिपोर्ट देतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण 'कारकून' हा शब्द तुम्ही शिवीसारखा फेकलात, तो लागला. माझे वडील सांगलीला जिल्हा परिषदेत ३१ वर्षं कारकून होते. त्यांच्याच पगारावर मी मिरजेला डॉक्टर झालो. मग इथे तीन वर्षं मेडिसिनची रेसिडेन्सी, तीन वर्षं कार्डिऑलॉजीची फेलोशिप. अँजिओप्लास्टीसाठी आणखी एक वर्ष लागतं. ते मी घेतलं नाही, कारण मला पेशंटशी बोलायचं होतं. झेपलं नाही म्हणून नव्हे.

मागच्या हिवाळ्यात ओहायोतले एक म्हातारे शेतकरी आले. सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. 'बीपीमुळे हृदय जाड झालंय' असं त्यांना आधी सांगितलेलं. इकोत भिंती जाड, ईसीजीत मात्र लाटा खुजट. हे जुळेना, कारण बीपीने जाड झालेल्या हृदयाच्या लाटा सहसा मोठ्या दिसतात. मी म्हटलं, हात उताणे करा. दोन्ही मनगटांवर कार्पल टनेलच्या (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याच्या) ऑपरेशनचे व्रण! रक्त-लघवीच्या तपासण्या आणि हृदयाच्या पायरोफॉस्फेट स्कॅननंतर अमायलॉइड पक्का झाला, म्हणजे बिघडलेलं प्रथिन हृदयाच्या भिंतीत साचण्याचा आजार; ते मनगटातही साचतं. त्यावर टाफामिडिस हे औषध इथे २०१९पासून मिळतं. हो, गोळीच. कुठला स्टेंट घालणार होतात तुम्ही तिथे?

२०२० साली प्रसिद्ध झालेली इस्किमिया चाचणी वाचा. ५,१७९ पेशंट. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार स्थिर असताना, औषधांसोबत आधीच अँजिओग्राफी आणि जमेल तिथे स्टेंट किंवा बायपासकडे नेल्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅक लक्षणीय कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं कमी झालं, हे खरं. पण न वाचता असं लिहायला तुमची जीभ कशी धजते?

पगारी नोकर आहेच मी. २०१०मध्ये मेडिकेअरने (इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने) खासगी दवाखान्यातल्या इको आणि हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनचे दर कापले, तेव्हा कितीतरी खासगी प्रॅक्टिस हॉस्पिटलांकडे गेल्या. स्कॅनच्या मंजुरीसाठी इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर भांडतो, तेही याच पगारात.

राहिली दोन बिलं, एक डॉक्टरचं आणि एक हॉस्पिटलचं. ती हॉस्पिटल लावतं, मी नाही. त्यावर इथे वाद घालणार नाही.