सहा इंची आई

आमच्या सहावीतल्या कन्येच्या प्रकल्पावर बाईंनी लाल शाईने शेरा दिला आहे : ‘कल्पना चांगली. पालकांचे सहकार्य वाढवणे आवश्यक.’ प्रकल्प तिचा आणि शेरा माझ्यावर, ही वाटणी मला अजूनही मान्य झालेली नाही.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. कलाम यांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. पूर्वी त्यानिमित्ताने मुले वहीत पुस्तक परिचय लिहीत : पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, आवडलेले पात्र, मिळालेला बोध. तो कंटाळवाणा होता, हे मी शपथेवर सांगेन. यंदा शाळेने जाहीर केले की मुलांनी पुस्तक ‘लिहायचे’ नसून ‘घडवायचे’ आहे. बुटांच्या रिकाम्या खोक्यात पुस्तकातला एक प्रसंग उभा करून आणायचा. ही सूचना पालकांच्या गटावर आदल्या संध्याकाळी आली, कारण सृजनशीलतेला पूर्वसूचना मानवत नसावी. कन्येने ‘श्यामची आई’ निवडले होते आणि, इतर बाबतींत फारसे न आढळणाऱ्या चिकाटीने, ते पूर्ण वाचलेही होते.

तेव्हा मी स्टेशनरीच्या दुकानात पोहोचलो. गर्दी इतकी होती की त्या गल्लीत बूट विकणाऱ्याने रिकामी खोकीही विकायला काढली होती. काउंटरमागचे काका कोणालाही ‘काय हवे’ असे विचारत नव्हते. ते ‘कोणते पुस्तक?’ असे विचारत होते.

‘श्यामची आई,’ मी म्हणालो.

‘म्हणजे विहीर,’ असे म्हणून त्यांनी वळूनही न पाहता मागच्या फळीवरून निळा जिलेटीन कागद ओढला.

मी नम्रपणे सांगितले की मुलीच्या मनात पदराचा प्रसंग आहे : आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई त्याच्यासाठी धोंडीवर आपले ओचे पसरते, तो. काकांनी माझ्याकडे, वैद्याने पथ्य मोडणाऱ्या रोग्याकडे पाहावे, तसे पाहिले.

‘साहेब, त्याला मार्क नाहीत. कापड फेविकॉलने भिजतं, सुरकुत्या पडतात, बाईंना वाटतं फळा पुसायचं फडकं आहे. विहीर कशी, लांबून दिसते. आई किती इंची देऊ?’

‘म्हणजे?’

‘चार इंची आहे, सहा इंची आहे. सहा इंची घेतलीत तर विहीर बादलीएवढी दिसेल, ते आधीच सांगतो. नंतर बदलून मिळणार नाही.’

मी चार इंची आई घेतली. श्याम मात्र वेगळा मिळत नव्हता. काकांनी दिवाळीच्या किल्ल्यांसाठी आलेल्या मावळ्यांच्या टोपलीत हात घातला आणि एक मावळा माझ्यासमोर ठेवला. ‘तलवार नखानं उचकटा, निघते. ढाल राहू द्या, पाठीवर आहे, दप्तर वाटतं.’ ज्या प्रसंगात श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये म्हणून आई त्याला शिंपटीने झोडपत विहिरीवर नेते, त्या प्रसंगात हा झुपकेदार मिशांचा वीर कसा शोभेल, असे मी विचारले. त्यावर काकांनी, मिशा कशाने खरवडाव्यात हे सांगितले आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा हिशेबात मिळवला.

तळाशी थर्माकोल लावावा का, या प्रश्नावर त्यांनी आवाज खाली आणला. 2018 पासून राज्यात त्याच्यावर बंदी आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तो दुकानात कोणत्या कपाटाखाली आहे, हेही. मी पुठ्ठ्यावर भागवले. तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी ‘अग्निपंख’ असे म्हटले आणि त्यांना तीन रुपेरी शंकू, लाल क्रेप कागद आणि धुरासाठी कापूस असा तयार पुडा मिळाला. त्यांनी तो आतून पाहिलाही नाही. अनुभवी पालक असावेत.

निघताना मी, कन्येची प्रत वाचनालयाची असल्यामुळे, एक ‘श्यामची आई’ विकत घ्यावी म्हणून विचारणा केली. काकांच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी प्रथमच गोंधळ दिसला. ‘पुस्तक? पुस्तक नाही ठेवत, साहेब. खपत नाही.’

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यासाठी त्यांना कागद आणि शाई यापलीकडे फारसे काही लागले नसावे. माझे बिल त्याहून बरेच झाले, आणि ज्या घरांना ते परवडत नाही त्या घरांतल्या मुलांनी काय घडवायचे, हे शाळेच्या सूचनेत नव्हते. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यात प्रकल्प आणि कृती यांना स्थान मिळाले, आणि हेतू उत्तमच होता : घोकंपट्टी कमी व्हावी. पण वहीतला परिचय चोरायला निदान कोणाचा तरी परिचय वाचावा लागत असे. विहीर मात्र पुस्तकाचे पान न उलटता खणता येते. श्यामच्या वडिलांच्या बाजूने एक पत्र लिहायला सांगावे, आईची मुलाखत घ्यायला सांगावी, बेचाळीस रात्रींपैकी कोणती रात्र गाळली तर चालेल ते कारणासह विचारावे. यात सृजनही आहे आणि खर्च शून्य आहे. अडचण एवढीच की ते भिंतीलगत मांडून त्याचे छायाचित्र काढता येत नाही.

कन्येने दोन पाने लिहिलीही होती. शिंपटी उगारणाऱ्या आईचा तिला मनापासून राग आला होता, आणि पुढच्या प्रकरणांत तो राग कसा टिकत नाही, याचाही तिला राग आला होता. ती पाने तिने खोक्याच्या मागच्या बाजूला चिकटवली. त्यांच्यावर दुसरा शेरा आहे : ‘लेखन अपेक्षित नव्हते.’

पहिले बक्षीस अर्थातच विहिरीलाच मिळाले, पण दुसऱ्या एका विहिरीला. तिच्यात खरे पाणी होते, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा पंप ते फिरवत होता आणि काठावर सहा इंची आई उभी होती. आमच्या विहिरीशेजारी ती धरणच वाटत होती. विजेत्याचे वडील पंपाची वायर सोडवत असताना त्या मुलाने आमच्या मुलीला हळूच विचारले, ‘यात शेवटी श्याम बुडतो का गं?’

तिने त्याला खरे काय ते सांगितले की नाही, मला ऐकू आले नाही, कारण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. बक्षीस म्हणून त्याला एखादे पुस्तक द्यावे, असे कोणाच्या मनात आलेले दिसले नाही. त्याला ग्लू गन मिळाली, आणि ती कोणत्या दुकानातून आणली होती हे खोक्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीतले अक्षर पाहून मी ओळखले.