दुपारी वाचनालय उघडं ठेवा

हवामान बदलाच्या काळात नागपूरच्या वाचनालयांनी काय करावं, असं कुणी विचारलं तर माझी पहिली मागणी एकच आहे: एप्रिल-मे-जूनमध्ये दुपारी बारा ते चार दार उघडं ठेवा.

आपल्या कितीतरी जुन्या वाचनालयांची वेळ सकाळ-संध्याकाळची. मधे कुलूप. ऑफिसला जाण्याआधी पेपर चाळणाऱ्यांसाठी आणि संध्याकाळी पुस्तक बदलणाऱ्यांसाठी ती ठीक होती. पण मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश तापमान सोसलं आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बर्डीच्या बाजारातला फेरीवाला, सायकलरिक्षावाले काका, पार्सल पोचवणारी पोरं, टिनाच्या खोलीत राहणारी म्हातारी माणसं, यांनी भर दुपारी बसायचं कुठे? मॉलच्या दारात वॉचमन असतो. वाचनालय ही फुकट बसता येईल अशी, कुणी काही विकत घ्यायला न लावणारी जागा आहे. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेच्या लाटेत सार्वजनिक ग्रंथालयंही थंडाव्याची केंद्रं म्हणून वापरली जातात. आपल्याला एसीही नको. दोन कूलर, माठ, ओआरएसची पाकिटं आणि आलेल्या माणसाला "सभासद आहात का?" असं न विचारणारा कर्मचारी, एवढं पुरे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात कर्मचाऱ्यांचे पगारच जेमतेम निघतात. ग्रंथपालावर फुकटात आणखी चार तास लादणं मला मान्य नाही. पण महापालिकेचा उष्णतेसाठी कृती आराखडा आहेच. त्यात वाचनालयं धरा, दुपारच्या पाळीचं मानधन आणि वीजबिल त्यातून द्या.

आत आलेल्या माणसाला खात्रीची माहितीही मिळावी. मे २०२४ मध्ये "नागपूर ५६ अंश" हा आकडा मोबाइलवर कसा फिरला, आठवतंय? हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं, पण तोवर घबराट पसरली होती. दारावरच्या फळ्यावर रोज खात्याचा अंदाज आणि उष्माघाताची लक्षणं लिहायला खडूच लागतो.

पावसाळ्याचंही तेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. कोणत्या गल्लीत पाणी कुठवर चढलं, हे आज लोकांच्या आठवणीत आहे; दहा वर्षांनी नसेल. त्या भागातल्या वाचनालयाने फोटो, कात्रणं, लोकांचे अनुभव गोळा करून एक फाइल ठेवावी. पुढे घर घेणारा ती पाहील, नगरसेवकाला जाब विचारणाराही पाहील.

वस्तू वापरायला देण्याचं काम त्यानंतर. एक पुस्तक पन्नास घरांत फिरतं, तशी शिडी, ड्रिल मशीन, शाळेची पुस्तकंही फिरू शकतात. समाजमंदिरातून लग्नाची पातेली आपण नेतोच की! ऑस्ट्रेलिया, कॅनडातली काही ग्रंथालयं वीज मोजायचं छोटं यंत्रही घरी नेऊ देतात. जुना फ्रिज किती युनिट खातो ते डोळ्यांनी दिसलं, की कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशाशी आपलं नातं भाषणाशिवाय कळतं.

आमच्या वाचनालयाच्या सभेत मी दुपारच्या वेळेचा ठराव मांडणार आहे. तुम्ही जिथले सभासद असाल तिथे तुम्हीही मांडा. फेब्रुवारीपर्यंत मंजूर झाला, तर उन्हाळ्याआधी कूलर बसतील.